गोदाकाकूंची वाटी आणि पळसपरी

पळसवाडीचा रस्ता जिथे दमून थांबतो आणि रान सुरू होतं, तिथे मातीचं एक बुटकं घर होतं. त्यात हौसा आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या. म्हणजे माणसं दोघीच. तिसरी होती चंद्री शेळी, काळीभोर, कपाळावर पांढरीशुभ्र चंद्रकोर असलेली. सकाळी चंद्रीचं दूध निघालं की थोडं हौसाच्या पोटात जायचं आणि थोड्याचा चहा व्हायचा. घरात दुसरं काही शिजो न शिजो, एवढं मात्र ठरलेलं असायचं.

हौसाची आई पत्रावळी आणि द्रोण लावायची. पळसाची रुंद रुंद पानं एकाला एक जोडायची आणि गवताच्या बारीक काडीनं टाचायची. टुचूक, टुचूक, टुचूक! टाचून टाचून तिच्या बोटांना बारीक बारीक जखमा व्हायच्या. हौसा रात्री निजताना त्यांच्यावर फुंकर घालायची, आणि आई म्हणायची, "झालं गं बाई, बरं वाटलं." गावात बारसं असो, लग्न असो, सगळी पंगत आईच्याच पत्रावळींवर जेवायची. जेवणं झाली की पत्रावळी गुरांपुढे, उरलेल्या खताच्या खड्ड्यात. खड्ड्यातलं खत शेतात. कुठे काही पडून राहायचं नाही.

पण एके वर्षी गोदाकाकूंच्या दुकानात पांढऱ्या चकचकीत ताटल्या आल्या आणि गाव त्यांच्यावर भाळलं. गावात दुकान ते एकच. पूर्वी काकू साखर, डाळ, चहा सगळं जुन्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या आणि वरून पांढरा दोरा गुंडाळायच्या. आता सगळं पिशवीत! तेल पिशवीत, मीठ पिशवीत, अहो, पिशव्यासुद्धा पिशवीत! लाल, गुलाबी, निळ्या, चमचमणाऱ्या पिशव्या. घरी नेईपर्यंत छान दिसायच्या. मग उडत उडत रानात जायच्या आणि झाडांना लटकायच्या.

पत्रावळी खपेनात. आईच्या द्रोणांचे ढीग कोपऱ्यात वाळत पडले. हौसाचंही एक नुकसान झालं होतं. तिच्याकडे दोऱ्याचा एक गुंडा होता. प्रत्येक पुडीचा दोरा ती जपून सोडायची. "गाठ सोडायची गं हौसे, दोरा तोडायचा नाही," असं आईनं तिला अगदी लहानपणीच शिकवलं होतं. सोडलेला दोरा ती गुंड्यावर गुंडाळायची. गुंडा कवठाएवढा झाला होता. तो पुरेसा मोठा झाला की दोऱ्यांची जाड वेणी घालायची आणि चिंचेला झोका बांधायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आता पुड्याच येईनात, तर गुंडा वाढणार कुठून?

अशातच गावात एक मोठं बारसं झालं. उष्ट्या ताटल्या, उरलेला भात, सगळं पिशव्यांत कोंबून, वर घट्ट गाठी मारून कुणीतरी रानाच्या कडेला फेकून दिलं. चंद्रीला भाताचा वास आला. ती बिचारी शेळी, तिला गाठ कुठे सोडता येते? तिनं पिशवीसकट भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी चंद्री उठेना. पोट फुगून टणक झालं होतं. पाला नको, पाणी नको. नुसती मान टाकून पडली होती.

आईनं तिच्या पोटावरून हात फिरवला. "पोटात पिशवी अडकली असणार. बघ ना, रवंथसुद्धा करत नाही."

"मग गुरांच्या डॉक्टरांना बोलावू या ना!"

"ते बाजाराच्या दिवशी येतात, बाळा. तोवर..." आई उठली. तिनं घरातलं एकुलतं एक पातेलं चुलीवर ठेवलं आणि ओवा-गुळाचा काढा उकळायला घातला.

चंद्री गेली तर? छे, तसं मनातही आणायचं नाही! हौसानं डोळे पुसले आणि कोवळा पाला आणायला रानाकडे धूम ठोकली. कोवळं काही दिसलं तर चंद्री खाईल, असं तिला वाटत होतं.

चैत्र लागला होता. पळसाची शेवटची केशरी फुलं झाडाखाली सांडली होती आणि फांद्यांवर कोवळी, लुसलुशीत, तांबूस-पोपटी पानं डोलत होती. मधमाश्या गुणगुणत होत्या. त्या गुणगुणीतून एक बारीकसा आवाज आला.

"ए बाळे! अगं, इकडे! जरा वर बघ ना!"

हौसानं वर बघितलं. खालच्याच फांदीवर एक गुलाबी पिशवी अडकली होती आणि पिशवीच्या पिळलेल्या बंदात अडकली होती एक परी! करंगळीएवढी. केशरी फुलाचा घेरदार झगा, पोपटी ओढणी, आणि चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत चंदेरी पंख. त्यातल्या एका पंखाला बंदाचे वेढेच वेढे बसले होते.

"अगं बाई!" हौसा म्हणाली. "थांब हं, हलू नकोस."

"सकाळपासून हललेय म्हणून तर गाठ बसलीय," परी मुसमुसत म्हणाली. "ओढ आणि तोड एकदाची!"

"ओढलं तर तुझा पंख फाटेल. गाठ सोडायची असते."

मग हौसा दगडावर चढली आणि नखानं हळूहळू गाठ सोडवू लागली. एक वेढा, मग दुसरा वेढा. घाम आला. घरी चंद्री तशी पडलेली, तरी तिनं घाई केली नाही. शेवटचा वेढा सुटला आणि परी भुर्रकन हवेत उडाली! तिच्या पंखांतून इवल्या इवल्या टिकल्यांसारखी चांदीची भुकटी उडाली आणि हौसाच्या नाकावर बसली. हौसा शिंकली. मग तिनं ती पिशवी नीट घडी करून कमरेला खोचली, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या पायात यायला नको.

"मी पळसपरी," परी म्हणाली आणि तिनं ओढणीच्या टोकाला बांधलेली एक सोनेरी कुपी काढली. जोंधळ्याच्या दाण्याएवढी पिटुकली. "हिच्यात तीन थेंब आहेत. प्रत्येक थेंबाची एक इच्छा. तिन्ही तुझ्या!"

हौसानं आनंदानं दोन्ही हात पुढे केले. परी तिच्या हातांकडे बघत राहिली.

"भांडं कुठंय?"

"भांडं?"

"मग काय इच्छा पिशवीत बांधून देऊ?" परीला भारी राग आला. "हे बघ बाळे, आमचे नियम आहेत. भांडं आपलं आपण आणायचं. भांड्यात मावेल एवढीच इच्छा मागायची. काम झालं की भांडं ज्याचं त्याला परत द्यायचं, आणि रिकामं द्यायचं नाही."

"ते मला ठाऊक आहे," हौसा म्हणाली. "शेजारची वाटी परत देताना आई नेहमी काहीतरी घालते. काहीच नसलं तर साखरेची चिमूट."

"शहाणी आहे तुझी आई. जा, दिवस मावळायच्या आत ये."

हौसा पळत सुटली. पण घरच्या पातेल्यात काढा उकळत होता. ते कसं नेणार? ती तशीच दुकानाकडे वळली.

"काकू, एक वाटी देता? लगेच आणून देते."

गोदाकाकूंचा आवाज मोठा आणि जीव त्याहून मोठा. "वाटी कशाला गं? पिशवी नेतेस का? बरं बरं, रडू नकोस, घे. पण हरवलीस तर बघ हं! माझ्या रुखवतातली आहे."

वाटी पितळेची होती, लखलखीत घासलेली. हौसा ती पोटाशी धरून धावली. मनातल्या मनात इच्छा रचत होती. चंद्री बरी होऊ दे, आईच्या पत्रावळी खपू देत, रानातल्या पिशव्या जाऊ देत...

"अगं, अगं! एवढं वाटीत कसं मावेल?" परी हसली.

मग हौसानं एवढंसंच मागितलं. डोळे मिटून म्हणाली, "तिला पुन्हा रवंथ करता येऊ दे."

परीनं कुपी कलती केली. टप्! मधाच्या रंगाचा, आत कोवळं ऊन भरलेला एक थेंब वाटीत पडला, गर्रकन फिरला आणि नाहीसा झाला.

हौसा घरी आली. चंद्री होती तशीच पडली होती. हौसा तिच्याजवळ बसून तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तोंड हलेना. इतक्यात दुकानाकडून हसण्याचा गलका ऐकू आला. काय झालं म्हणून हौसा बघायला गेली, तर दुकानासमोर ही गर्दी! आणि आत गोदाकाकू रवंथ करत होत्या!

हो, हो, रवंथ! त्यांनी मेथीच्या जुड्या फस्त केल्या होत्या, कोथिंबीर फस्त केली होती, आणि आता जबडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात्यासारखा फिरत होता. काकू थांबवायला बघत होत्या, पण थांबतोय कुठला!

"हे गं काय होतंय मला!" चपचप. "अगं, खाल्लेलं परत तोंडात येतंय!" चपचप चपचप.

लोक पोट धरून हसत होते. हौसाला मात्र हसू आलं नाही, कारण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं हातातली वाटी उन्हात धरली. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. पळसवाडीत कुणीही भांडं घेतलं की आधी त्यावर नाव घालून आणतात, नाहीतर पंगतीत बदलतं ना! वाटीवर लिहिलं होतं, सौ. गोदावरी.

"अय्या!" हौसा स्वतःशीच म्हणाली. "मी नुसतं 'तिला' म्हटलं. थेंबानं वाटीवरचं नाव वाचलं!"

ती उलट्या पावली रानात गेली आणि तिनं परीला सगळं सांगितलं. परी फांदीवर हसून हसून गडाबडा लोळली. मग हळूच डोळे बारीक करून म्हणाली, "या पिशव्या आणल्या त्या याच बाई ना? मग करू दे की रवंथ थोडे दिवस. थेंब दोनच उरलेत."

हौसानं वाटीकडे बघितलं. दोन थेंब. एक काकूंवर घालवला आणि दुसराही चुकला तर? तिला चंद्रीचं टणक पोट आठवलं आणि काकूंचे ते पाणावलेले डोळेही आठवले.

"नको," ती म्हणाली. "काकूंनी मला विश्वासानं वाटी दिली. त्यांना पहिल्यासारखं कर."

टप्! दुसरा थेंब वाटीत फिरला आणि गेला. तिकडे दुकानात काकूंचा जबडा थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी गाल धरले आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला.

आता वाटी परत द्यायची, आणि रिकामी द्यायची नाही. घरात साखर नव्हती. गूळ होता तो काढ्यात गेला होता. हौसानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग कोनाड्यातला दोऱ्याचा गुंडा काढला. जरा वेळ हातात धरला. झोका डोळ्यांसमोर येऊन गेला. मग तिनं गुंडा वाटीत ठेवला. वाटीत तो एखाद्या भल्यामोठ्या लाडवासारखा दिसत होता.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं.

"रिकामी वाटी कशी देणार, काकू?" हौसा म्हणाली, आणि मग तिनं सगळं सगळं सांगितलं. परी, थेंब, चंद्रीनं खाल्लेली पिशवी, काही म्हणजे काही लपवलं नाही.

काकूंनी गुंडा उचलला. फिरवून फिरवून बघितला. "हा तर माझ्याच पुड्यांचा दोरा!"

"हो. एकसुद्धा तोडला नाही."

काकू नुसता गुंडा कुरवाळत राहिल्या. मग एकदम पदर खोचून उठल्या. "एक थेंब आहे ना शिल्लक? थांब, भांडं देते!" त्यांनी फळीवरची भांडी भराभर खाली काढली. गोदावरी, गोदावरी, सौ. गोदावरी. "अगं बाई, सगळ्यांवर माझंच नाव की गं! थेंब पुन्हा माझ्याकडेच यायचा!" शेजारणीची भांडी बघितली, त्यांच्यावर शेजारणीचं नाव. अख्ख्या गावात बिननावाचं भांडं म्हणून नाही! आणि ऊन तर चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसलं होतं.

"पिशवीवर नाव नसतं," काकू बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

हौसा मात्र टाळी वाजवून उठली. "द्रोणावरही नसतं! द्रोण काय, जो खाईल त्याचा!"

पळसाखाली पोचताच तिनं एक रुंद, कोवळं पान निवडलं. आईसारखी घडी घातली, आईसारखीच गवताची काडी टुचूककन खुपसली. बोटाला लागलं, तिनं ते चोखलं. इवलासा द्रोण झाला. तो दोन्ही हातांत धरून ती या वेळी नीट, सावकाश म्हणाली, "आमच्या चंद्री शेळीला पुन्हा रवंथ करता येऊ दे."

टप्! शेवटचा थेंब द्रोणात पडला आणि तसाच चमकत राहिला. नावच नव्हतं, जाणार कुठे?

त्याला हिंदकळू न देता हौसा एक एक पाऊल टाकत घरी आली. आई दारातच बसली होती. हौसानं द्रोण चंद्रीच्या तोंडापाशी धरला. चंद्रीचं नाक हललं. मग एक कान हलला. कोवळ्या पळसाचा वास, वर मधाचा वास! तिनं जीभ बाहेर काढली आणि गपकन तो थेंब खाल्ला, द्रोणासकट, काडीसकट!

क्षणभर काहीच झालं नाही. मग चंद्रीच्या पोटात गुडगुडलं. तिनं मान उंचावली आणि अशी काही शिंकली की कोपऱ्यातले द्रोण घरभर उडाले. शिंकेबरोबर बाहेर पडली एक पिशवी, तिची गाठ अजून घट्टच होती! चंद्री पायांवर उभी राहिली, तिनं अंग झटकलं, आणि तिचं तोंड हळूहळू हलू लागलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आईनं हौसाला आणि चंद्रीला एकदमच मिठीत घेतलं, आणि तिघींमध्ये कोण हसतंय नि कोण रडतंय ते काही कळेना.

उजेड होता तोवर हौसा परीकडे धावत गेली. "परी, परी, चंद्री बरी झाली! पण तिनं द्रोण खाल्ला गं. आता पळसाचं भांडं पळसाला परत कसं देऊ?"

"उद्या चंद्री याच झाडाखाली चरायला येईल ना?"

"येईल."

"मग तिच्या लेंड्या पडतील इथे मुळाशी. पोचलं भांडं, आणि रिकामंही नाही!" परी खुदुखुदु हसली. पण मग तिनं आपली रिकामी कुपी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "माझंच अवघड आहे. आमच्याकडेसुद्धा रिकामं भांडं घेऊन घरी जात नाहीत."

"थोडी थांबशील?" हौसा म्हणाली. "चंद्रीला दूध येईपर्यंत?"

परी थांबली. आजारातून उठलेली शेळी काही लगेच दूध देत नाही. तेवढ्या दिवसांत पळसवाडीत बरंच काही घडलं. गोदाकाकूंनी चकचकीत ताटल्या मागवणं बंद केलं आणि हौसाच्या आईचे सगळे द्रोण, सगळ्या पत्रावळी दुकानात मांडल्या. कुणी तेलाला आलं की काकू मान वर न करताच विचारायच्या, "भांडं कुठंय?" लोक कुरकुरले, मग घरी जाऊन बरण्या घेऊन आले. साखर-डाळ पुन्हा कागदाच्या पुडीत जाऊ लागली आणि पुडीला हौसाच्या गुंड्यातला दोरा. घरोघरची मुलं तो गाठ सोडून परत आणायची, कारण काकूंनी तसा हुकूमच काढला होता. रानातल्या पिशव्या सगळ्यांनी मिळून गोळा केल्या. आणि काकूंची ती वाटी हौसाकडे आली, तिळाच्या वड्यांनी भरलेली. मग हौसानं ती करवंदं घालून परत दिली, मग काकूंनी शेव घालून, आणि ती वाटी आजतागायत एका घरात टिकलेली नाही.

एका सकाळी चंद्रीला दूध आलं. हौसानं नवा द्रोण केला, त्यात कोमट, फेसाळ दूध घेतलं आणि ती पळसाकडे निघाली. परीनं कुपी भरून घेतली. झाकण लावताच कुपी चांदण्यासारखी पांढरी लखलखली, आणि परीचे पंखही लखलखले.

"येते हं, हौसे," परी म्हणाली. "आणि हे घे, तुझं भांडं."

उजेड वाढत गेला. केशरी, पोपटी, चंदेरी, सोनेरी, सगळं रान त्यात न्हाऊन निघालं, आणि हौसानं डोळे किलकिले करून पुन्हा उघडले तेव्हा फांदी नुसतीच हलत होती.

तिनं हातातल्या द्रोणात बघितलं. द्रोण रिकामा नव्हता. तळाशी मधाच्या रंगाचा एक थेंब चमकत होता.

हौसा घरी आली. आई द्रोणांच्या ढिगात बसून टाचत होती. आता काम फार आलं होतं आणि बोटांना जखमाही फार झाल्या होत्या. हौसानं परीचा द्रोण तिच्यापुढे धरला, ओठ द्रोणाला लावून हळूच काहीतरी पुटपुटली, आणि म्हणाली, "आई, पी."

आई थेंब प्यायली आणि तिनं पुढचं पान घेतलं. टुचूक. काडी पानात गेली. टुचूक, टुचूक. आई थांबली. तिनं दोन्ही हात उजेडात धरले. बोटं मऊ होती, एकसुद्धा जखम नव्हती.

"हौसे, काय मागितलंस गं तू?"

"द्रोणात मावेल एवढंच," हौसा म्हणाली, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. दारात चंद्री डोळे मिटून रवंथ करत बसली होती.